बारा अनोळखी दारं

आठव्या दिवशी सकाळी साडेदहा वाजले तरी पुतण्याचा पत्ता नव्हता. कारखान्याच्या वरच्या लांबट खोलीत चौघं एकमेकांची तोंडं बघत बसली होती. खरं तर बसली होती तिघंच. दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ टेबलाशी खुर्च्यांवर, वहिनी खिडकीपाशी स्टुलावर, आणि दोघांची बहीण फोनताई भिंतीला पाठ लावून उभी. पुतण्याची खुर्ची सोडली तरी टेबलाशी आणखी एक चांगली रिकामी होती, पण हक्क नसलेल्या खुर्चीत ती अठ्ठावीस वर्षांत एकदाही टेकली नव्हती. दादा कधीमधी म्हणत, "बस गं बेबी, कोण बघतंय?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "मी बघतेय ना."

एक्कावन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारे जगात तेवढे दादाच उरले होते. बाकी सगळ्यांची ती फोनताई. कोपऱ्यातल्या खोलीत फोन घेऊन बसायची. दुकानदारांच्या मागण्या, तक्रारी, रुसवेफुगवे सगळं तिच्या कानात. कुठल्या गल्लीत कुठल्या रंगाचं बूटपॉलिश खपतं हे तिला तोंडपाठ होतं. पण टेबलाशी बोलणी सुरू झाली की तिने चहाचे कप उचलायचे आणि दार ओढून घ्यायचं, असा रिवाज पडून गेला होता.

कारण 'डझन'.

डझन हा आजोबांचा नियम. घरातल्या कुणालाही या टेबलाशी खुर्ची हवी असेल, तर त्याने पॉलिशच्या बारा डब्या घ्यायच्या, पायी निघायचं आणि एका दिवसात बारा अनोळखी दारांवर त्या विकायच्या. एका दारात एकच डबी. घराण्याचं नाव काढायचं नाही. एवढ्यावर भागत असतं तर कुणीही केलं असतं. खरी मेख पुढे होती. आठव्या दिवशी, ज्याचा त्या माणसाला विरोध असेल त्याने बाराही दारांवर जायचं आणि डबी उघडली का ते विचारायचं. आठ उघडलेल्या निघाल्या तर खुर्ची, नाही तर नमस्कार. माणूस दयेपोटी घेतलेली डबी कपाटात टाकून विसरून जातो, आणि तिला विक्री म्हणायला आजोबा तयार नव्हते. घरातल्या मुलग्यांनी विशीच्या आत आपापलं डझन उरकलं. मुलीला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही, खोटं कशाला बोला, मागितलं नाही.

मागच्या आठवड्यात मागितलं.

झालं होतं असं, की दादा आता थकले होते आणि विक्रीचं काम सोडणार होते. ते काम अर्थातच त्यांच्या लेकाकडे, म्हणजे पुतण्याकडे जाणार, असं सगळे धरून चालले होते. लेकाची योजनाही तयार होती. गावोगाव हिंडणारे पाचही विक्रेते काढून टाकायचे आणि त्यांच्याऐवजी एका नावाजलेल्या चेहऱ्याच्या हातात डबी देऊन त्याला पडद्यावर हसवायचं. करारावर सोमवारी सही व्हायची होती. त्या पाच जणांना फोनताई नुसत्या खोकल्यावरून ओळखायची. त्यांतल्या एकाला उतारवयात लेक झाली तेव्हा पहिला फोन हिला आला होता. ते पाचही जण सोमवारपासून घरी बसणार हे कळलं, त्या दिवशी ती कप न उचलता टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "विक्री मला दे, दादा. मी डझन करते."

दादांना हसू आलं होतं. मग तिचा चेहरा बघून ते आवरलं. "आठ झाल्या तर विक्री तुझी," ते म्हणाले, "नाही तर पुढच्या सोमवारी हा सही करेल. कबूल?"

"कबूल."

आणि तो सोमवार आता एका रात्रीवर आला होता.

जिन्यावर पावलं वाजली. पुतण्या आत आला, घामाघूम, हातात फोन. बारा दारं फिरून त्याचे पाय बोलत होते. पांढऱ्याशुभ्र कापडी बुटांवर रस्त्याची सगळी धूळ बसली होती.

"या प्रमोटरसाहेब," धाकटा म्हणाला. खाली मेण वितळवायच्या कढईपाशी दिवस काढणारा हा माणूस, जिभेने मात्र चटके देणारा. "पाणी देऊ? की आधी फोटो काढायचा?"

"काका, तुमचं झालं की सांगा." पुतण्याने वाईट वाटल्यासारखा चेहरा केला, आणि त्याला खरंच थोडं वाईट वाटत असावं. लहानपणी त्याने सगळे गृहपाठ आत्याच्या टेबलाखाली बसून केले होते. "तीन."

"काय तीन?" फोनताईने विचारलं.

"उघडलेल्या. तीन, आत्या. सॉरी."

फोनताईने पाच-सहाची तयारी मनाशी ठेवली होती, सातचीही. तीन म्हणजे तोंडावर दार आपटल्यासारखं झालं. एवढी वर्षं आपण स्वतःला समजत होतो ते सगळं फुकाचं होतं की काय, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

"आणि अजून एक," पुतण्या फोनवर बोट फिरवत म्हणाला, "ही लोकं तुला काय काय म्हणतात ते ऐक. मी लिहूनच आणलंय. 'ती पॉलिशवाली बाई.' 'एजंट आली होती.' 'कसल्या तरी प्रचाराची बाई, पत्रकं वाटतात तसली.' 'सेल्समन,' हो, सेल्समनच म्हणाला तो. 'जाहिरातवाली.' आणि एक आजोबा म्हणाले, 'फेरीवाली.'"

"फेरीवाली?" दादा खुर्चीत ताठ झाले. "आपल्या घरच्या बाईला?"

"अरे, आपले आजोबा दुसरं काय होते?" धाकटा म्हणाला. "आजोबा फेरीवाले, बाबा एजंट, तू सेल्समन, हा प्रमोटर. शब्द भारी होत गेला तसं आपलं चालणं कमी होत गेलं, एवढाच काय तो फरक."

"मुद्दा तो नाही, काका. बारा लोकांना ती कोण आहे हेच कळलं नाही, हा मुद्दा आहे. याला ओळख म्हणत नाहीत. एक चेहरा हवा, एक नाव हवं..."

"थांब." फोनताई भिंतीपासून सुटली. "पाचव्या दारी काय झालं? न्हाव्याचं दुकान. त्याने डबी नाही उघडली?"

"नाही म्हणाला."

"होऊच शकत नाही."

"आत्या, मी स्वतः विचारलंय."

"काय विचारलंस? अक्षरन् अक्षर सांग."

पुतण्याने खांदे उडवले. "काय विचारणार? बुटांना लावून बघितलं का, चमक आली का. तो म्हणाला, बूट? नाही बुवा. मी पुढच्या दारी गेलो."

फोनताईने आधी दादांकडे बघितलं, मग धाकट्याकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर 'बरोबर तर विचारलं' असंच होतं. तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"अरे देवा. बूट विचारलेस तू! गाढवा, मी बूट विकलेच नाहीत. तीन दारं सोडली तर बुटांचं नावही काढलं नाही. बूट घालतंय कोण आता चामड्याचे? तुझ्या पायात काय आहे ते बघ!"

सगळ्यांनी पुतण्याच्या पायांकडे बघितलं. पुतण्यानेही बघितलं.

"मग काय विकलंस?" दादांनी विचारलं.

"चामडं ज्याच्याकडे होतं त्याला चामड्याचं पॉलिश. न्हाव्याची खुर्ची. टॅक्सीवाल्याची सीट." तिने दारामागची पिशवी खांद्याला लावली. "ऊठ रे. नऊ दारं राहिली. पुन्हा जायचं."

"आत्या, मी नाही आता. पायांची वाट लागलीये. आणि नियमाप्रमाणे एकदाच विचारायचं असतं."

"डबी उघडली का, एवढं विचारायचं असतं. ते तू विचारलंच नाहीस."

"ती म्हणते ते खरं आहे," धाकटा म्हणाला.

"काका, तुम्ही तिच्याच बाजूने बोलणार."

दोघांची जुंपणार, तेवढ्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. दादा उभे राहिले होते. पायात चामड्याचे काळे बूट, आरशासारखे. या घरात तसे एकट्यांचेच उरले होते.

"मी येतो," ते म्हणाले. "मीही तुझ्या विरोधातच आहे, बेबी, हे लक्षात ठेव. विचारणार मी. तू तोंड उघडायचं नाहीस."

"नाही उघडत."

* * *

दादा वीस वर्षांनी दारं वाजवायला निघाले होते. पहिल्या दोन गल्ल्या ते मालकासारखे चालले, तिसऱ्या गल्लीत त्यांना धाप लागली आणि चौथ्या गल्लीत ते नुसते म्हातारे भाऊ झाले. फोनताई त्यांच्याबरोबरीने पावलं टाकत राहिली, पण थांबली मात्र नाही. आज कुणाची दया करायची नाही, स्वतःचीही नाही, असं ती ठरवूनच निघाली होती.

न्हाव्याच्या दुकानात दादांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "आठ दिवसांपूर्वी एका बाईंकडून डबी घेतली होती, ती उघडली का?"

"उघडली का?" न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस ठेवून तसाच वळला. "अहो, अर्धी संपली! खुर्चीचे हात बघा. वडिलांच्या वेळची खुर्ची आहे, टाकायला काढली होती मी. मघाशी एक पोरगा आला होता, तो काहीतरी बुटाबिटांचं विचारत होता. कोण होता कोण जाणे."

दादांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "चार."

टॅक्सीवाल्याने पुढच्या दोन्ही सीट चकाचक केल्या होत्या. पाच. डॉक्टरीणबाईंची जुनी बॅग दवाखान्याच्या टेबलावर नव्यासारखी मिरवत होती. सहा. वाद्य शिकवणाऱ्या मास्तरांनी वाद्याच्या पेटीचं झाकण दाखवलं, पट्टा दाखवला, पट्ट्याचं बक्कल दाखवलं आणि दादांना एक धूनही ऐकवली असती, पण फोनताईने घड्याळाकडे बघितलं. सात.

मग फासे उलटे पडायला लागले. एका घरात डबी मेहुण्याला देऊन टाकली होती. एका कारकुनाच्या पिशवीत ती तशीच कागदात गुंडाळलेली सापडली. एक बाई म्हणाल्या, "उघडीन हो, वेळच झाला नाही." आणि चौथ्या दारी एका भल्या गृहस्थाने खालच्या आवाजात दादांना सांगितलं, "खरं सांगू? बाई घामाघूम झाल्या होत्या, वय झालेलं, मला राहवलं नाही. म्हणून घेतली."

ते वाक्य फोनताईने ऐकलं. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. 'वय झालेलं' याने नव्हे. ती दया तिला त्याच दिवशी दारात उभी असताना कळली होती, आणि तरीही तिने डबी पुढे केली होती. पाय दुखत होते, म्हणून. स्वतःवर इतकी चिडली ती, की शेवटच्या दाराकडे दादांच्या पुढे झपाझप चालत सुटली.

शेवटचं दार तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे पुस्तकं बांधणारी एक विधवा बाई एकटी राहायची, जाड चामडी पुठ्ठ्यांची जुनी पुस्तकं दुरुस्त करून द्यायची. हे दार लागलं की आठ. फोनताईला खात्री होती. बारांतलं हे तिचं सगळ्यात आवडतं दार होतं.

"डबी उघडली का?" दादांनी विचारलं.

"नाही ना उघडली!" बाई कळवळून म्हणाल्या आणि डबी घेऊन आल्या. झाकणाच्या कडेला सगळीकडे ओरखडे होते. "नाणं लावून बघितलं, चमचा लावून बघितला, सुरी लावली तर बोटाला लागली. ही बघा माझी बोटं, सांधे असे धरलेले. तीन पुस्तकं खोळंबलीत हो त्या पॉलिशपायी."

दादांनी डबी हातात घेतली, ओरखडे बघितले आणि बाहेर कठड्यापाशी येऊन बहिणीला म्हणाले, "हिला हवी होती. तू नीट विकलीस. झाकण घट्ट, त्यात तुझा काय दोष? आठ धर."

"उघडली का?"

"बेबी, ऐक माझं..."

"दादा, उघडली का?"

"नाही."

"मग सात."

ती आत गेली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि बाईंना विचारायला लागली. नाणं कुठून लावलंत, कुठे निसटलं, अंगठ्याला लागतं की बोटाला. पिशवीतून वही काढून तिने सगळं लिहून घेतलं. मग डबी उघडून दिली आणि आधी स्पष्ट सांगितलं, "ही आता मोजायची नाही बरं का, ही आपली अशीच." बाईंना काही कळलं नाही, पण त्या खूश झाल्या.

दादा दारातून बघत होते. जिना उतरताना त्यांनी विचारलं, "झाकणाचं तुला आधी माहीत होतं?"

"अकरा वर्षं फोनवर ऐकतेय. आठवड्याला दोन तरी तक्रारी येतात. चारदा चिठ्ठी लिहून तुझ्यासमोर टेबलावर ठेवली."

"मला नाही मिळाली."

"मिळाली. तू कप ठेवायचास तिच्यावर."

दादा कठडा धरून जिन्यात थांबले. मग म्हणाले, "माझ्या सहा होत्या."

"काय?"

"डझनातल्या. सहाच उघडलेल्या निघाल्या. मला विरोध कुणाचा नव्हता, म्हणून तपासायला बाबाच गेले होते. घरी येऊन सगळ्यांना म्हणाले, आठ. मला डोळा मारला. चव्वेचाळीस वर्षं झाली, कुणाला बोललो नाही. तुझ्या वहिनीलाही नाही."

फोनताईला राग यायला हवा होता, आणि आलाही. सडकून आला. अठ्ठावीस वर्षं आपण भिंतीला पाठ लावून उभ्या होतो आणि हा सहा डब्यांवर आरामात बसला होता! पण भावाचा तो घामेजलेला, लाजलेला चेहरा बघून तिला रडूही आलं. दोन्ही एकदमच आलं, आणि ती जिन्यात उभ्या उभ्या त्याच्या दंडावर एक बुक्की मारून मोकळी झाली.

"लागलं," दादा म्हणाले.

"लागायलाच हवं."

* * *

खोलीत तिघंही जागची हलली नव्हती. पुतण्याने बूट काढून पाय दुसऱ्या एका स्टुलावर ठेवले होते.

"किती?" त्याने विचारलं.

दादांनी तोंड उघडलं. फोनताईने त्यांच्या आधी सांगितलं, "सात."

पुतण्याने श्वास सोडला. "म्हणजे झालं तर. आत्या, खरंच, सात म्हणजे काही थोडंथोडकं नाही. आपण तुझ्यासाठी काहीतरी..."

"माझ्या सहा होत्या," दादा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाबांचा तो डोळा मारणंही. धाकटा कपाळाला हात लावून बसला. "म्हणजे मी सरळमार्गाने नऊ करून मेणाच्या कढईपाशी," तो म्हणाला, "आणि तू सहा करून पंख्याखाली. वा रे न्याय!"

"ठीक आहे, बाबा," पुतण्या घाईने म्हणाला, "तुमचं ते जुनं झालं. पण माझ्या बारापैकी बारा होत्या. सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा नियमाने बघितलं तर..."

खिडकीपाशी वहिनींच्या हातातलं विणकाम थांबलं. दिवसभरात एक अक्षर बोलल्या नव्हत्या त्या. नवरा घामेजलेला, लेक ताठ मानेने, आणि नणंद पुन्हा त्याच भिंतीपाशी जाऊन उभी राहिलेली. हे त्यांनी क्रमाने बघून घेतलं.

"त्या बाराही दारांवर मी आदल्या दिवशी फोन केले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या मैत्रिणी सगळ्या. पोरगा येईल, एकेक डबी घ्या आणि उघडून ठेवा म्हटलं. कोणत्या दारी जायचं ती यादी तुला मीच दिली होती, आठवतं? तुला वाटलं आई रस्ता सांगतेय."

पुतण्याचा चेहरा पडला. असा पडला की फोनताईला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. वहिनींनी डोळे पुसले आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "एकुलता एक, हरला असता तर? मला बघवलं नसतं."

खालून मेणाचा वास येत होता. शेवटी दादांनी खिशातून विक्रीच्या कपाटाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"या घरात दोनच आकडे खरे आहेत," ते म्हणाले. "याचे नऊ आणि हिचे सात. धाकट्या, तुला विक्री हवी का?"

"मला? माणसांशी बोलायचं? नको रे बाबा. मला माझी कढई बरी."

"मग बेबी, तू सांग."

फोनताईला गोड बोलता आलं असतं. आठ झाल्या नाहीत, मी पुन्हा करेन, तुम्ही म्हणाल तसं. असली वाक्यं अठ्ठावीस वर्षं तिच्या जिभेवर तयारच असायची. आज तिने ती गिळली.

"सात म्हणजे सात, आठ मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "एक मी दयेवर विकली म्हणून गेली, एक झाकणामुळे गेली. दोन्ही कशा गेल्या ते मला माहीत आहे, आणि तुमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. मला हे काम हवंय, दादा. फार वर्षांपासून हवं होतं. मागायची लाज वाटत होती, आता नाही वाटत."

तिने किल्ल्या उचलल्या आणि पुढे येऊन रिकाम्या खुर्चीत बसली. खुर्ची जराशी डगमगत होती. ते तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"पाचही विक्रेते राहतील. त्यांना बुटांपलीकडे काय काय चकाकतं ते मी स्वतः दाखवणार. झाकणाला कडेला फिरकी हवी, अंगठ्याने उघडेल अशी. धाकट्या, किती दिवस लागतील?"

"पंधरा."

"दहा. आणि तू," ती पुतण्याकडे वळली. त्याने मान वर केली नाही. तिने पिशवीत बारा डब्या मोजून भरल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या. "तुझा तो चेहरा आणि पडदा मला नको असं नाही. कल्पना वाईट नाही. पण आधी डझन कर. खरं. उद्या सकाळी नऊला निघ. तपासायला मी येणार, आणि मी डोळा मारत नाही."

पुतण्याने पिशवीकडे बघितलं, मग आईकडे. वहिनींनी विणकाम उचलून मान खाली घातली. त्याने वाकून हळूहळू बूट पायांत चढवले, नाड्या बांधल्या.

"आत्या," तो म्हणाला, "दार उघडल्यावर पहिलं काय बोलायचं? आपण कोण म्हणून सांगायचं?"

"काही सांगू नकोस," फोनताई म्हणाली. "आधी त्यांच्या घरात काय आहे ते बघ."